आठने उजवीकडे

मुलुंड पूर्व
११ मार्च

मार्तंड,

'प्रिय' लिहिलेलं नाही, ते तुझ्या लक्षात येईलच. 'श्री.' लिहून पाहिलं, तर पाण्याची टाकी धुण्याबद्दलची सोसायटीची नोटीस वाटायला लागली. म्हणून नुसतं नाव. वेगळं राहणाऱ्या नवऱ्याला काय मायना लिहावा, याचा नमुना कुठल्याही निबंधमालेत मिळत नाही.

पत्र अशासाठी, की फोनवर तू 'हं' म्हणतोस आणि 'हं'वर हरकत घेता येत नाही. व्हॉट्सॲपवर तू अंगठा पाठवतोस. जिच्याबरोबर एका फळ्यावर वीस वर्षं शिकवलं तिला अंगठा. काल पाकिटं आणायला पोस्टात गेले, तर खिडकीमागची बाई म्हणाली, बोरिवलीलाच ना, मग जाऊन का नाही देत? मी म्हटलं, मध्ये अख्खं नॅशनल पार्क आहे. तिला पटलं. मुलुंडमध्ये बिबट्याचा विषय जवळून गेला तरी कुणालाही काहीही पटतं.

कामाचं लिहिते. आपल्या पूर्व-पश्चिम उपनगर गणित शिक्षक मंडळाच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल लागला. वीस मुलं घेतात, त्यांचा पदवीपर्यंतचा भार मंडळ उचलतं. माझ्या बॅचची अपूर्वा मसुरकर त्या यादीत नाही. एका प्रश्नाने गेली, आणि तो प्रश्न तिने बरोबर सोडवला आहे.

प्रश्न असा: √x च्या आलेखावरून √(४x − ८) चा आलेख कसा मिळेल, पायऱ्या क्रमाने लिहा. मंडळाच्या उत्तरसूचीत दोन पायऱ्या आहेत. दोनने उजवीकडे सरकवा, मग उभं दुप्पट ताणा. खाली अधोरेखित सूचना: 'आठने सरकवल्यास शून्य.' अपूर्वाने लिहिलं: 'आठने उजवीकडे सरकवा. मग आडवं दाबून चौथाईवर आणा. आलेख (२, ०) पासून सुरू होईल.' तपासनीसाने 'आठ' वाचलं, लाल रेघ मारली, शून्य दिलं आणि बहुतेक चहा प्यायला गेला.

तुला हे समजावून सांगायची वेळ यावी, हे विनोदीच आहे. पण सांगते. आलेख आठने सरकला की त्याचं तोंड आठवर जातं. मग तो उभ्या अक्षाकडे दाबून चौथाई केला की ते तोंड कुठे येतं? आठच्या चौथाईवर. म्हणजे दोनवर. आठ म्हणून थांबणारा चुकतो. आठ म्हणून पुढे दाबणारा चुकत नाही. लाल पेनाला एवढी एक ओळ पुढे सरकायचं होतं.

उत्तरसूची कोणी काढली हे मंडळ गुप्त ठेवतं. म्हणून मी विचारत नाही. फक्त एवढंच, की सूचीतल्या आलेखाच्या सुरुवातीला जो ठिपका आहे, तुरीच्या दाण्याएवढा, पेन गोल गोल फिरवून कागदाला भोक पडेस्तोवर भरलेला, तसा ठिपका या उपनगरांत एकच माणूस काढतो. वर्गमुळाचा आलेख मधूनच उगवत नाही रे, त्याला सुरुवात असते, ती मागच्या बाकावरून दिसली पाहिजे, असं ओरडून सांगायचास. बोरिवलीत दिसत असेल, अशी आशा आहे. मुलुंडमध्ये दिसली.

मी हरकत नोंदवली आहे. मंडळाचे चिटणीस चंद्रप्रकाश पाटकर म्हणाले, सूची काढणाऱ्याने चूक लेखी मान्य केल्याशिवाय यादी हलणार नाही, आणि जे काय व्हायचं ते मार्च संपायच्या आत. ई-मेल चालणार नाही. ई-मेलवर सही खरी आहे की नाही ते हात लावून कळत नाही म्हणे.

मुलीचं म्हणशील तर, तिच्या वडिलांनी पहिल्यापासून एकच सांगितलंय. यादीत नाव आलं तर बी.एस्सी. गणित. नाही आलं तर मावशीच्या ओळखीने कॉल सेंटरला नोकरी आणि बाहेरून बी.कॉम. बाप वाईट नाही. थकलेला आहे. थकलेल्या माणसाशी वाद घालायला फार ताकद लागते, आणि माझीही हल्ली बेताचीच आहे.

दोन ओळी लिहून दे. बाकी काही मागत नाही.

शर्मिष्ठा

ता. क. क्लासच्या पाटीवर अजून 'वायंगणकर सर व मॅडम' आहे. रंगाऱ्याला 'सर व' पुसायला सांगितलं होतं. तो म्हणाला, पुसतो, पण जागा रिकामी दिसेल. म्हटलं, राहू दे.


मुलुंड पूर्व
१७ मार्च

मार्तंड,

उत्तर आलं. पोस्टकार्डावर. म्हणजे आधी पोस्टमनने, मग वॉचमनने आणि मग दुसऱ्या मजल्यावरच्या शकुताईंनी वाचून झाल्यावर मला मिळालं. शकुताईंनी जिन्यात विचारलं, आठने सरकवू नये म्हणजे काय हो, वास्तूचं आहे का? मी हो म्हटलं. त्यांनी कपाट दोन फरश्या अलीकडे घेतलंय.

तुझं म्हणणं कळलं. सूची ही बहुतेक शिक्षक जसं शिकवतात त्याला धरून असते. तपासनीस तिला बांधलेला असतो. एका मुलीसाठी सूची बदलली तर सगळे पेपर पुन्हा काढावे लागतील. पेपर पुन्हा काढायला लागू नयेत म्हणून गणित बदलायचं, हा नियम नवीन आहे, पण मंडळात खपेल. आणि शेवटी तुझा प्रश्न: 'मुलीला आठ कोणी शिकवलं?'

काय माहीत. मुलं हल्ली यूट्यूबवरून शिकतात. रात्रंदिवस कोणीतरी कुठेतरी आठने सरकवतच असणार.

ते सोड. एक गोष्ट मला चैन पडू देत नाही, ती विचारते.

तुला ती उजळणीची बॅच आठवते? आठवतच असणार, कुणा पोराने मोबाइलवर काढलेली तिची क्लिप अजून फिरते. गेल्या गणपतीत माझ्या भाच्याने मलाच दाखवली. तेव्हा फळ्यावर साधं √(४x) होतं. तू म्हणालास, आडवं दाबा, चौथाई. मी मागच्या बाकावरून म्हटलं, पोरांना कशाला घोळात घालतोस, ४ मुळातून बाहेर काढ, २ होतो, उभं दुप्पट ताण, झालं. तू म्हणालास, मॅडमना सगळं ताणायची सवय आहे. पोरं हसली. मी म्हटलं, आणि सरांना आकसायची. पोरं जास्त हसली. मग तू खडू ठेवलास आणि मी उचलला, आणि पुढची दहा मिनिटं आपण जे बोललो त्यात वर्गमूळ कुठेच नव्हतं. तुझ्या आईचं आजारपण होतं, माझ्या भावाचं लग्न होतं, वाशीला घ्यायचा राहिलेला फ्लॅट होता. सगळं कमावलेल्या आवाजात, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं.

महिन्याभरात तू बोरिवलीला नवी शाखा काढलीस. तिथे मुलं फार आहेत, असं कारण दिलंस. मुलुंडची मुलं काय संपली होती.

तेव्हापासून मी एक धरून चालले होते. माझी पद्धत ताणण्याची, तुझी दाबण्याची. घर, कुकर, गॅसचं बुक वाटून घेतलं तसं हेही वाटून घेतलेलं. आणि आता मंडळाच्या सूचीत, तुझ्या त्या तुरीच्या दाण्याशेजारी, स्वच्छ अक्षरात लिहिलंय: 'उभं दुप्पट ताणा.'

ते वाक्य माझं आहे, मार्तंड. कधीपासून?

पोस्टकार्डावर उत्तर देणार असलास तर देऊ नकोस. शकुताईंचं कपाट आता भिंतीला टेकलंय.

शर्मिष्ठा


मुलुंड पूर्व
२३ मार्च

मार्तंड,

उत्तर नाही. ठीक.

काल संध्याकाळी अपूर्वा वडिलांना घेऊन क्लासवर आली. राजेश मसुरकर, सांताक्रूझला विमानतळावर सामान चढवणाऱ्या कंपनीत सुपरवायझर. ड्यूटीवरून थेट आले होते, गळ्यात ओळखपत्र तसंच. बाकावर बसले ते अगदी बाकावर बसायची सवय मोडलेल्या माणसासारखे, गुडघे बाहेर काढून.

मी त्यांना उत्तरपत्रिकेची झेरॉक्स दाखवली. सूची दाखवली. फळ्यावर दोन्ही रीतींनी आलेख काढून दाखवला. त्यांनी सगळं मन लावून पाहिलं. अर्जावरचा फोटो माणूस पाहतो तसं, ओळख पटतेय का ते बघत. मग म्हणाले, त्यांचे वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर दहा वर्षं सगळे सांगत राहिले की तुमची बाजू बरोबर आहे. बाजू बरोबर होती. तिचं पुढे काही झालं नाही.

'मॅडम, माझा विरोध नाही,' ते म्हणाले. 'पण ह्या रेघेतलं मला काय कळणार? माका यादी समाजता. यादीत नाव असलं की मी घरात सगळ्यांना दाखवू शकतो. ही झेरॉक्स कुणाला दाखवू?'

मी झेरॉक्सची घडी घातली.

अपूर्वा एवढा वेळ डस्टरने फळ्याची कड झटकत होती. रडकी नाही ती, उलट जरा आगाऊच आहे. म्हणाली, 'तपासणाऱ्यांनी आठ वाचलं आणि थांबले. पुढची ओळ वाचायला काय जात होतं यार त्यांचं.' बापाने डोळे वटारले, यार काय म्हणतेस मॅडमसमोर. मग जाताना दारात, वडील चपला घालत असताना, हळूच म्हणाली, 'मॅडम, मी तुमचीच पद्धत लिहिली. दुसरी लिहिली असती तर चाललं असतं ना?'

मी म्हटलं, हो, चाललं असतं.

तर आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. गेल्या पत्रात मी ते यूट्यूबवर ढकललं. यूट्यूबचा काही संबंध नाही. मुलीला आठ मी शिकवलं.

तू गेलास तेव्हा तुझी सकाळची बॅच अर्ध्यावर होती. मी पहिल्याच दिवशी माझ्या पद्धतीने सुरू केलं, तर पहिल्या बाकावरचा सुयोग उभा राहून म्हणतो, सर तर म्हणायचे आधी सरकवा, मग दाबा. त्यांच्या वह्यांत तुझे बाण, तुझे ठिपके. निम्म्या वर्षात मुलांची सवय मोडायला नको म्हणून ती बॅच मी तुझ्या पद्धतीने पुरी केली. पुढच्या वर्षी मोडता आली असती. मोडली नाही. तुझं शिकवताना मध्येच 'इथे सर काय म्हणायचे' असं तोंडातून जायचं आणि मुलं मान वर करायची. पाच जणांच्या बॅचला सहा जण बसल्यासारखं वाटायचं. यात फार काही शोधू नकोस. एकटीने दोन बॅचेस ओढायच्या म्हणजे घसा जातो, कुणीतरी वाटून घेतलं की बरं वाटतं, मग ते हजर नसलं तरी.

आणि एक मान्य करते, तुझी पद्धत वाईट नाही. माझ्यात आलेख गुपचूप दोनवर जाऊन बसतो. तुझ्यात तो आधी आठपर्यंत जातो, आणि मग मुलांच्या डोळ्यांदेखत परत येतो. मुलांना ते परत येणं आवडतं. अपूर्वाला फार आवडायचं.

रविवारी २९ला मंडळाची बैठक आहे, घाटकोपरला, नेहमीच्या शाळेत. हरकतदार म्हणून मला बोलावलंय. सूची काढणाऱ्यालाही बोलावलंय, पण तो कोण हे कुणालाच माहीत नाही, त्यामुळे तो आला तरी आपण कुणीही त्याला ओळखायचं नाही.

येशील ना?

शर्मिष्ठा


मुलुंड पूर्व
३० मार्च

मार्तंड,

तू तिथे होतास, तरी सगळं लिहून काढतेय. पाटकरांच्या इतिवृत्तात यातलं एक अक्षर येणार नाही, आणि काहीतरी कुठेतरी नीट लिहिलेलं असावं.

मंडळाने बैठकीला शाळेचा चित्रकलेचा वर्ग का घ्यावा, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही. स्टुलांवर बसून सगळे मुख्याध्यापक शिक्षा झाल्यासारखे दिसतात. पूर्वेचे सभासद खिडकीकडे, पश्चिमेचे पंख्याखाली, मध्ये पाटकर आणि त्यांची घंटी. गणसंख्या पुरी व्हायच्या आधी सामोसे आले, हे चांगलं झालं. सामोसे नसते तर गणसंख्या पुरी झाली नसती.

तू मेट्रोने आलास. अंधेरीला बदलायला लागतं, गर्दी फार, असं मला न सांगता पाटकरांना सांगितलंस, मी ऐकावं एवढ्या आवाजात. वाळलायस. शर्टाची कॉलर उलटून शिवायची झालीय. हे हरकतीचे मुद्दे नव्हेत.

पाटकरांनी गुप्ततेचा मान राखला. तू समोर बसलेला असताना तुला शेवटपर्यंत 'सन्माननीय सूचीकर्ते' म्हणत राहिले. सूचीकर्त्यांना चहा साखरेचा की बिनसाखरेचा, असंही विचारलं. माझ्या तोंडून 'बिनसाखरेचा' निघून गेलं. भांडुपचे ते टक्कलवाले परीक्षक सामोसा घशात अडकून खोकले.

मी मुद्दा मांडला. कुणाला पटला नाही. म्हणजे गणित पटलं, पण गणित पटणं आणि ठराव होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक जण म्हणाले, मुलीचं उत्तर बरोबर असेलही, पण ते लांबच्या रस्त्याने बरोबर आहे. दुसरे म्हणाले, आज आठ मान्य केलं तर उद्या आठवर थांबणारी पोरंही दारात येतील. मी तेव्हा इतकी दमले होते की उठून निघावं असं वाटलं. खरंच वाटलं. पर्स हातात घेतली होती.

मग पाटकर उठले. त्या म्हाताऱ्याला मी आजवर बरंच बोलले आहे, त्यातलं थोडं मागे घेते. त्यांनी वर्गातलं कपाट उघडून ट्रेसिंग पेपरचे दोन कागद काढले, अक्ष आखून दिले, एकेक आपल्या दोघांच्या पुढ्यात ठेवला. सूचीकर्त्यांनी सूचीप्रमाणे आलेख काढावा, हरकतदारांनी मुलीप्रमाणे काढावा, बोलू नये. आणि घंटी वाजवली, परीक्षेला वाजवतात तशी.

म्हणजे तू ताणायला बसलास आणि मी दाबायला. तीन वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला क्लासमधून काढलं असतं.

माझ्या कागदावरची गंमत तुला सांगायची राहिली. √x वरचा (४, २) हा बिंदू घे. तुझ्या जुन्या रस्त्याने तो आठने सरकून बारावर जातो, मग दाबला की (३, २) वर येतो. माझ्या जुन्या रस्त्याने तो आधी (६, २) ला जातो आणि ताणला की (६, ४) ला. रेघ तीच, पण बिंदू भलतीकडे. प्रत्येक बिंदूचं असंच. मी काढता काढता एकेक तपासत गेले. दोन्ही रस्त्यांनी एकाच जागी पोचतो तो फक्त एक, सुरुवातीचा. बाकी सगळे त्याच रेघेवर, पण एकमेकांना चुकून. इतकी वर्षं हे शिकवतेय, कधी लक्षात आलं नव्हतं. तुझ्या आलं होतं का?

तर दोन्ही कागद पाटकरांनी एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला धरले. सगळे स्टुलं सोडून आले, पूर्व-पश्चिम विसरून. वरच्या टोकाला रेघ जराशी दुहेरी दिसत होती. कोणीतरी म्हणालं, बघा, फरक आहे. तेव्हा तू पुढे झालास, एका बोटाने वरचा कागद खसखशीएवढा डावीकडे घेतलास, आणि रेघ एक झाली.

'इथे तर एकच दिसतंय,' पाटकर म्हणाले.

खाली शाळेच्या आवारात क्रिकेट चालू होतं, कुणाची तरी विकेट गेली.

मग पाटकरांनी मला विचारलं, मुलीला ही पद्धत कोणी शिकवली? मी म्हटलं, मी. तुझ्याकडे बघितलं नाही. नंतर त्यांनी तुला विचारलं, आणि सूचीतली?

'ती मॅडमची,' तू म्हणालास. 'मी हल्ली तीच घेतो. आठ म्हटलं की पोरं आठवरच थांबतात. दर वर्षी. आपण परत यायचं असतं हे लक्षातच राहत नाही त्यांच्या.'

भांडुपच्या परीक्षकांनी तुझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांनी ती क्लिप पाहिलेली असणार, सगळ्यांनीच पाहिलीय. म्हणाले, 'मग तुम्ही दोघं भांडलात कशावरून?' पाटकरांनी लगेच घंटी वाजवली. विषयपत्रिकेत नाही, म्हणाले.

नियम त्यांनीच वाचून दाखवला. सूचीकर्त्याने त्रुटी लेखी मान्य केली तर मुलीला पूर्ण गुण, आणि सूचीकर्त्याचं नाव परीक्षकांच्या पॅनलवरून कायमचं खाली. मला तो दुसरा भाग ठाऊक नव्हता, मार्तंड. पाटकरांनी पहिल्या दिवशी तो सांगितला नव्हता, किंवा सांगितला असेल आणि मी लाल पेनाच्या माणसासारखी मध्येच थांबले असेन. तुझ्या बोरिवलीच्या बोर्डावर नावाखाली 'मंडळाचे परीक्षक' लिहिलंय, ते मी पाहिलंय. कधी पाहिलं ते विचारू नकोस. तुझं पोस्टकार्ड का तसं होतं, हे मला काल त्या स्टुलावर बसून कळलं.

तू पेन मागितलंस. माझ्याकडे मागितलंस, पाटकरांचं समोर असताना. लिहिलंस: 'सूची अपुरी होती. दोन्ही उत्तरं बरोबर.' सही केलीस. पेन टोपण लावून परत दिलंस. तू टोपण कधीच लावत नाहीस.

खाली फाटकाशी आपण उभे राहिलो. तू म्हणालास, गोरेगाव-मुलुंड बोगदा झाला की सोपं होईल. मी म्हटलं, बोगदा होईपर्यंत आपल्याला ज्येष्ठ नागरिकांची सवलत मिळायला लागेल. तू 'हं' म्हणालास. यावेळी मी हरकत घेतली नाही.

शर्मिष्ठा


मुलुंड पूर्व
५ एप्रिल

मार्तंड,

मंडळाची सुधारित यादी आली. सुधारित म्हणजे जुनीच, खाली एकविसावं नाव पाटकरांनी पेनाने लिहून शिक्का मारलाय. राजेश मसुरकरांनी ती पिशवीत न घालता हातात धरून नेली. शिक्का कोरडा आहे ना, असं दोनदा विचारलं. अपूर्वा मला म्हणाली, मॅडम, एकविसावी म्हणजे शेवटची का? तिच्या बापाने सांगितलं, यादीत असली म्हणजे झालं, आता जा बी.एस्सी.ला. ती जाईल. पुढच्या तिन्ही वर्षी कुठल्या ना कुठल्या लाल पेनाशी भांडेल, असा अंदाज आहे.

शकुताईंचं कपाट पुन्हा जागेवर गेलं. वास्तूत आठ चालतं, असं मी त्यांना सांगितलं.

एका कामासाठी हे पत्र. घरी येऊन पर्स उलटी केली, तेव्हा ते दोन्ही ट्रेसिंग पेपर निघाले. पाटकरांनी काचेवरून काढून माझ्याच हातात दिले असणार. एक तुझा आहे, मंडळाने मागितला तर तुझ्याकडे असायला हवा. तुझा वेगळा काढून पाठवावा म्हणून दोन्ही दिव्याखाली धरले. म्हटलं ठिपक्यावरून सहज कळेल. माझा ठिपका साधा असायचा, पेन टेकवला आणि उचलला.

दोन्ही कागदांवर ठिपका तुरीच्या दाण्याएवढा आहे. दोन्हींना मागून भोक पडलंय.

एक सोबत पाठवतेय. कुठला तुझा, ते तूच बघ. चुकला असला तर येऊन बदलून ने.

शर्मिष्ठा